गणती आणि हकीकत

समाजशास्त्राच्या अभ्यासकांत दोन पंथ आहेत. एकाची भिस्त गणतीवर, दुसऱ्याची माणसांच्या तोंडच्या हकीकतींवर. आणि दोघेही परस्परांस अर्धवट समजतात. हा वाद कोठें मिटूं शकतो हें पाहावयाचें असल्यास श्रीजित मिश्र यांचा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील अहवाल वाचावा, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे तो जानेवारी २००६ मध्यें महाराष्ट्र सरकारास सादर झाला.

अहवालाचें पहिलें अंग गणिताचें. महाराष्ट्रांतील पुरुष शेतकऱ्यांत आत्महत्यांचें प्रमाण १९९५ सालीं लाखामागें १५ होतें, तें २००४ सालीं ५७ झालें. हा आंकडा पाहिल्यावर एखाद्याच्या व्यसनाकडे वा दुबळ्या मनाकडे बोट दाखवून मोकळें होतां येत नाहीं. परंतु असें कां झालें, हें आंकडा सांगत नाहीं. म्हणून वाशीम, यवतमाळ व वर्धा या जिल्ह्यांतील १११ मृत शेतकऱ्यांच्या घरीं विचारपूस झाली, आणि तिच्या जोडीस १०६ हयात शेतकऱ्यांचीही माहिती घेतली गेली.

अहवालाचें खरें मर्म या जोडींत आहे. केवळ शोकाकुल घरींच विचारलें, तर सारा दोष कर्जाच्या माथीं मारून आपण परततों. कर्ज तर शेजारच्या घरींही असतें! मग याच घरीं तें प्राणघातक कां ठरलें, हा प्रश्न तुलनेवांचून सुचतच नाहीं. उत्तरांत कर्जाबरोबर ढासळलेली पत, घरांतील कलह, बुडालेलें पीक अशीं अनेक कारणें एकत्र आलेलीं दिसलीं.

आमचा आक्षेप एवढाच, कीं कारणें रकान्यांत मांडलीं म्हणजे त्यांचा क्रम हरवतो. आधीं पीक गेलें, मग सावकार आला, मग भांडण झालें, कीं सारें उलट? तो क्रम घरच्या बाईस ठाऊक असतो. तिची साक्ष तक्त्याच्या बरोबरीच्या मानानें यावयास हवी.

हकीकतवाल्यांनींही गणतीची चिकित्सा शिकली पाहिजे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या जिल्हावार कोष्टकांत त्याचा रकानाच नाहीं. सातबाऱ्यावर जिचें नांव नाहीं ती कसणारी बाई शेतकऱ्यांच्या गणतींतून सहज गळते, आणि तिच्यामागें तिचें घर मदतींतूनही गळतें. कोण गळलें हें हकीकतीनें सांगावें. असे किती, हें गणतीनें. तेवढें झालें, तरच या शास्त्राचा त्या घरास कांहीं उपयोग.