प्ररोचना आणि प्रतीक्षा : मालिकेच्या प्रोमोतील संकेत

भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाच्या अंगांमध्ये प्ररोचनेचा निर्देश आहे. प्रयोगाला आरंभ होण्यापूर्वी त्याच्या विषयाची वार्ता देऊन प्रेक्षकांचे चित्त त्याकडे वळवावे, हे तिचे कार्य. मराठी संगीत नाटकात सूत्रधार आणि नटी यांच्या प्रवेशाने हेच कार्य दीर्घकाळ पार पाडले. दूरचित्रवाणीवरील मालिकेचा प्रोमो हा या कुळातील अगदी अलीकडचा वंशज होय. तथापि प्ररोचना आणि प्रोमो यांच्यात एक मूलभूत भेद आहे. प्ररोचना संपताच नाटक सुरू होई आणि त्याच प्रयोगात भरतवाक्यही येई. दैनंदिन मालिकेला भरतवाक्य ठाऊक नसते. ती बंद होते, पण तिचा शेवट होईलच असे नाही. हा भेद लक्षात घेतला नाही तर प्रोमोच्या संकेतांचा विचार केवळ क्लृप्त्यांच्या यादीपाशी येऊन थांबतो.

असा विचार करण्यास विद्यार्थ्यांनी केलेले प्रोमो विशेष उपयुक्त ठरतात. ब्रिटनमधील ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रमात एका नव्या, काल्पनिक सोप ऑपेराची झलक तयार करणे हा एक रूढ उपक्रम होता. झलक तयार झाल्यावर विद्यार्थ्याला आपल्याच कृतीचे परीक्षण लिहावे लागे. आपल्या कृतीने प्रत्यक्ष माध्यमकृतींचे संकेत कोठे वापरले, कोठे विकसित केले आणि कोठे त्यांना आव्हान दिले, हा त्यातील मुख्य प्रश्न असे. येथे एक विलक्षण वाङ्मयीन परिस्थिती निर्माण होते. जिची जाहिरात करायची ती मालिका अस्तित्वातच नसते. कथानक लिहिलेले नाही, भाग चित्रित झालेले नाहीत आणि होणारही नाहीत. तरीही झलक पाहणाऱ्याला ‘ही एक मालिका आहे’ अशी खात्री पटते. कृतीच्या आधी तिचा प्रकार असतो, हे वाङ्मयप्रकारांच्या सिद्धान्तातील सूत्र याहून नेमकेपणाने क्वचितच सिद्ध होईल. हान्स रॉबर्ट याउस ज्याला वाचकाचे अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते क्षितिज येथे कृतीवाचूनच उभे राहते.

हे क्षितिज कोणत्या खुणांनी उभे राहते? मराठी मालिकांपुरते पाहिले तर पहिली खूण घराची आहे. घर हेच या प्रकाराचे विश्व असते. राजकारण, व्यवसाय, शेती यांना उंबरठ्याच्या आत आल्याशिवाय अर्थ प्राप्त होत नाही. दुसरी खूण चेहऱ्याची. संवाद संपल्यावरही चेहरा पडद्यावर रेंगाळतो आणि संगीताच्या आघातातून त्याचा अर्थ सुचवला जातो. तिसरी खूण प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या, पण पात्राला ठाऊक नसलेल्या रहस्याची. चौथी आणि कदाचित सर्वांत बोलकी खूण शीर्षकाची. ‘चार दिवस सासूचे’ (२००१), ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३), ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६), ‘आई कुठे काय करते’ (२०१९) ही शीर्षके पाहावीत. नात्याचे नाव आणि त्यात दडलेला संघर्ष यांनी प्रत्येक शीर्षक भरलेले आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या तीन शब्दांत तर सबंध प्रोमोच सामावला आहे. ‘आई कुठे काय करते’ या शीर्षकात प्रश्नाचे रूप घेतलेली एक अवहेलना आहे आणि तिचे खंडन हेच मालिकेने दिलेले वचन आहे. ही मालिका ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवर आधारलेली होती आणि तेच सूत्र हिंदीत ‘अनुपमा’च्या रूपाने अवतरले. संकेत भाषेची सीमा किती सहज ओलांडतात हे त्यावरून दिसते.

या चारही खुणा अनुकरणसुलभ आहेत. विद्यार्थी त्या त्वरित आत्मसात करतात आणि पुष्कळदा त्यांचे गुणांकनही या खुणा आढळल्या की नाही यावरच होते. परंतु प्रकाराचे मर्म खुणांत नसून काळाच्या विशिष्ट रचनेत आहे. रोलाँ बार्त यांनी ‘एस/झेड’ (१९७०) या ग्रंथात कथनातील ज्या संकेतसंहितांचे विवेचन केले, त्यांपैकी एक संहिता प्रश्न उपस्थित करण्याची आणि उत्तर लांबवण्याची आहे. बार्त यांच्या दृष्टीने हे लांबवणे उत्तराकडे नेणारे असते. टानिया मॉडलेस्की यांनी ‘लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स’ (१९८२) मध्ये सोप ऑपेराचा विचार करताना दाखवून दिले की या प्रकारात शेवटाची वाट पाहणे हेच साध्य होऊन बसते. चित्रपटाची झलक शेवटाचे आश्वासन देते; मालिकेचा प्रोमो शेवट येणार नाही असे आश्वासन देतो. तो जे विकतो ती प्रतीक्षा असते.

मराठी वाचकाला क्रमशः येणाऱ्या कथनाची सवय जुनी आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये हप्त्याहप्त्याने येत गेली. तेथेही वाचक पुढील अंकाची वाट पाहत होता. पण त्या प्रतीक्षेला अंत होता आणि तो अंत यमूच्या दुःखाला अर्थ देणारा होता. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या विस्तारात दुःखाला अर्थ येण्याऐवजी पुनरावृत्ती येते. अर्थात ही पुनरावृत्ती प्रेक्षकाला छळत नाही. ती त्याच्या संध्याकाळला आकार देते आणि स्वयंपाक उरकून बसणाऱ्या घराला उद्याची खात्री देते. येथे प्रतीक्षा सुखद असते, कारण तिची किंमत प्रेक्षकाला मोजावी लागत नाही.

संकेतांचा दुसरा प्रश्न भूगोलाचा आहे. मराठी मालिकांनी खेडे दाखवले नाही असे म्हणता येणार नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ने (२०१६) कोल्हापूरकडचा मल्ल आणि त्याचा वाडा, ‘लागिरं झालं जी’ने (२०१७) साताऱ्याकडचे सैनिकी वातावरण आणि ‘रात्रीस खेळ चाले’ने (२०१६) मालवणी मुलूख घरोघर पोहोचवला. या यशामुळे ‘मालिकेतील गाव’ नावाचे एक संकेतबद्ध गाव तयार झाले : मोठा वाडा, हिरवे शिवार, तांबडी माती आणि ठसक्यात बोलणारी माणसे. त्यात गोदाकाठच्या मराठवाड्याला फारसे स्थान मिळाले नाही. ‘करायलो’, ‘जायलो’ अशी चालू काळाची रूपे असलेली त्या भागाची बोली मराठी प्रेक्षकाला परिचित झाली ती प्रामुख्याने मकरंद अनासपुरे यांच्या विनोदी भूमिकांमधून. परिणामी त्या बोलीत शोक किंवा निर्धार व्यक्त झाला तरी अपेक्षांचे क्षितिज हास्याचीच वाट पाहते. जालना जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या मालिकेचा प्रोमो करावयाचे ठरवले, तर त्याच्यापुढे येणारा पेच असा असेल : पाऊण मिनिटात प्रकार ओळखू यावा म्हणून त्याला परका वाडा उसना घ्यावा लागेल आणि आपली भाषा वापरली तर ती विनोद ठरण्याचा धोका पत्करावा लागेल. संकेत त्याला बोलण्याची सोय देतात आणि काय बोलता येईल हेही आधीच ठरवून ठेवतात.

हा पेच काल्पनिक वाटत असेल तर अंतरवाली सराटीकडे पाहावे. अंबड तालुक्यातील हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राच्या पडद्यावर जवळजवळ नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला. त्या संघर्षात आंदोलक आणि पोलीस असे दोन्हीकडचे लोक जखमी झाले. १४ सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले आणि सरकारला मुदत देण्यात आली. ती संपताच २५ ऑक्टोबरला पुन्हा उपोषण, २ नोव्हेंबरला ते स्थगित, मग २४ डिसेंबरची मुदत, २० जानेवारी २०२४ ला गावातून मुंबईकडे पदयात्रा, ती २७ जानेवारीला वाशीत थांबली. जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके यांनी इतर मागासवर्गाच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषण केले. ऑगस्ट २०२५ मध्ये जरांगे यांचे उपोषण आझाद मैदानावर झाले आणि २ सप्टेंबरला संपले.

या दोन परस्परविरोधी मागण्यांपैकी कोणती न्याय्य, हा प्रश्न येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे तो या घटनाक्रमाचा आकार. मुदत, मुदतीचा शेवट, पुन्हा मुदत : ही रचना मालिकेच्या रचनेशी वरवर इतकी जुळणारी होती की वृत्तवाहिन्यांना प्रोमोचे व्याकरण लागू करण्यास काहीच आयास पडले नाहीत. उरलेल्या तासांची उलटी मोजणी, प्रश्नचिन्हाने संपणारे मथळे, उपोषणकर्त्याच्या चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, आघाती संगीत, ‘उद्या काय होणार?’ हा आवाज : दैनंदिन मालिकेतील प्रत्येक खूण बातमीत आली. घराची खूणही आली. शेजारच्या दोन गावांतील उपोषणे एकाच घरातील भाऊबंदकीसारखी मांडणे मग सोपे झाले. आणि २०२४ मध्येच ‘संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. शेवट न झालेल्या घटनेला चित्रपटाने शेवट दिला, तर बातमीने तिला शेवट नसण्याचे सुख दिले.

प्रश्न असा की दोन्हींतून काय निसटले? निसटली ती प्रतीक्षेची किंमत. मालिकेत उत्तर लांबते तेव्हा प्रेक्षकाचे काही जात नाही. अंतरवालीच्या मंडपात उत्तर लांबले तेव्हा एका देहातील पाणी कमी होत होते आणि भोवती बसलेल्यांची मजुरी बुडत होती. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता, म्हणजे ही प्रतीक्षा त्या गावात उपोषणाने सुरू झालेली नव्हती. वडीगोद्रीत बसलेल्यांनाही आपल्या वाट्याची अनिश्चितता होतीच. प्रोमोचे व्याकरण या सर्व काळाचे रूपांतर उत्कंठेत करते. उत्कंठा भोगणारा दूर बसलेला असतो. प्रतीक्षा भोगणारा मंडपात असतो. एकच कालावधी दोघांच्या वाट्याला दोन भिन्न अर्थांनी येतो आणि संकेत त्यांपैकी एकच अर्थ दाखवू शकतो.

म्हणूनच वर्गातील तो साधा उपक्रम उपेक्षणीय नाही. विद्यार्थ्याने संकेत वापरले, विकसित केले की आव्हानिले, या प्रश्नाला एक चौथा प्रश्न जोडणे आवश्यक आहे : या कृतीतील विलंब कोणाला सुख देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? ज्याने स्वतः काल्पनिक मालिकेची झलक जुळवली आहे, ज्याने संगीताचा आघात नेमका कोठे टाकला म्हणजे साध्या चेहऱ्यावर रहस्य उमटते हे हाताने करून पाहिले आहे, त्यालाच बातमीतील तोच आघात ऐकू येण्याची शक्यता अधिक असते. संकेत तोडणे म्हणजे वाड्याऐवजी झोपडी दाखवणे नव्हे. एखादी झलक प्रश्नचिन्हावर न थांबता, वाट पाहणाऱ्या माणसाच्या एका सामान्य, संगीतविरहित दिवसावर थांबली आणि तरीही मालिका म्हणून ओळखता आली, तर तिने प्रकाराची मर्यादा खऱ्या अर्थाने ओलांडली असे म्हणता येईल.

नाट्यशास्त्रातील प्ररोचना प्रेक्षकाला प्रयोगाकडे नेई आणि स्वतः मागे सरे. प्रोमो मागे सरत नाही; तो प्रत्येक भागानंतर परत येतो आणि हळूहळू प्रयोगाचीच जागा घेतो. गोदाकाठच्या एका गावाने ही जागा घेतली जाताना पाहिली आहे. त्या गावातला एखादा विद्यार्थी उद्या कॅमेरा हाती घेईल, तेव्हा त्याला उपलब्ध असलेले सर्व संकेत दुसऱ्यांनी घडवलेले असतील. त्यांतील कोणता आपल्या गावाच्या काळाशी प्रामाणिक राहतो, हे पारखण्याचे साधन त्याच्या हाती देणे हे समीक्षेचे काम आहे.