वासराचा दात, कावळ्याची चोच

प्रभादेवी स्टेशनबाहेर चप्पल शिवून घेत होतो. शिवणाऱ्या काकांनी आधी तळ अंगठ्यानं दाबून पाहिला आणि मग पेटीतल्या तीन आऱ्यांमधली एक उचलली. त्या क्षणी मला कित्येक दिवस अडलेला एक शब्द उलगडला: आरामुख.

‘वासिष्ठ धनुर्वेदसंहिता’ या संस्कृत ग्रंथात बाणाच्या टोकांचे दहा प्रकार सांगितले आहेत. १३६३च्या सुमाराच्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तही ही यादी येते. बाणाच्या टोकाला तिथं ‘फल’ म्हणतात. कोणतं फल कशासाठी वापरायचं हे सांगणारा हा मजकूर तसा कोरडा, कारागिराच्या टिपणासारखा. पण नावांपाशी थांबत थांबत वाचला, की त्यातली कविता दिसू लागते.

आरामुख म्हणजे आरीच्या तोंडाचं टोक. ते कशावर चालवायचं? ‘चर्मा’वर. संस्कृतात चर्म म्हणजे कातडं आणि ढालही. ढाल कातड्याची असेल, तर तिला भोक पाडायला आरीइतकं जाणतं दुसरं काय असणार? सूचीमुख म्हणजे सुईचं तोंड; ते चिलखतासाठी. सगळा जोर एका बिंदूवर एकवटला, की जिथं रुंद पातं अडतं तिथं सुई वाट काढते. नाव घेतलं की काम कळतं आणि काम ठरलं की नाव आठवतं. टोकाची निवड नावातच होऊन गेलेली असते.

मला सर्वांत आवडतो तो वत्सदंत, वासराचा दात. तो धनुष्याच्या दोरीसाठी आहे, आणि ग्रंथ तिथं तोडण्याचा शब्द वापरत नाही, ‘चर्वण’ म्हणतो. दावं चघळणारं वासरू ज्यानं गोठ्यात पाहिलं असेल, त्यालाच हे सुचावं. रणधुमाळीच्या वर्णनात एक वासरू येऊन उभं राहतं आणि शत्रूचं धनुष्य मुकं होतं. माणूस न मारता लढाई थांबवणारं हे टोक आहे, आणि त्याचं नावही यादीतलं सर्वांत कोवळं.

अर्धचंद्राची धार आतल्या बाजूला वळलेली. सरळ पातं गोल वस्तूवरून निसटतं. हे तिला कवेत घेतं. म्हणून ते मान, मस्तक आणि धनुष्य यांच्यासाठी. मराठीत मानगूट धरून हाकलण्याला आपण ‘अर्धचंद्र देणे’ म्हणतो. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये उमटणारा आकार तोच, आणि त्याची जागाही तीच.

शब्दांचा हा प्रवास इथं थांबत नाही. यादीतला ‘भल्ल’ आपल्याकडे भाला झाला. ‘क्षुरप्र’ म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचं टोक. त्याच शब्दाचं आपण खुरपं केलं. महाभारतात ज्या शब्दानं धनुष्यं आणि ध्वज तुटतात, तोच शब्द मराठी बाईच्या हातात भुईमुगातलं तण काढतो.

यादीत कर्णिकही आहे, म्हणजे कान असलेलं टोक. असे कानांचे बाण जखमेतून सहज निघत नाहीत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात ते वापरू नयेत असं सांगितलं आहे. काय घ्यायचं याबरोबरच काय भात्यातच ठेवायचं, हाही निवडीचाच भाग होता. आणि शिकणाऱ्यासाठी गोपुच्छ, गाईची शेपटी: साध्या लाकडाचं, तोंडाशी तीन अंगुळं लोखंडी काटा बसवलेलं. लक्ष्यावर हात बसवायला एवढं पुरे.

आरी, सुई, वस्तरा, वासरू, गाय, आणि यादीतलीच आणखी एक, कावळ्याची चोच. ही नावं शस्त्रागारात जन्मलेली नाहीत. ती घरातून, गोठ्यातून, कातडं शिवणाऱ्याच्या पेटीतून आली आहेत. ज्यानं ती दिली, त्यानं आधी रोजचं काम नीट पाहिलं होतं. या मजकुराचं सौंदर्य मला त्या पाहण्यात दिसतं.

दहा नावं सांगून झाल्यावर ग्रंथ दार बंद करत नाही. देशोदेशी टोकांची आणखी पुष्कळ रूपं असतात असं म्हणून तो थांबतो. मला सातपुड्यातल्या भिल्लांचा बोथट टोकाचा तीर आठवतो. पाखराला तो भोसकत नाही, नुसता ठोसा देऊन पाडतो आणि फांदीत रुतून बसत नाही. अशाच बिनटोकाच्या बाणाला ‘तुक्का’ म्हणत, आणि ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ म्हणताना आपण त्याला उगाच हिणवतो. समोर पाखरू असेल, तर तुक्का हीच नेमकी निवड. ग्रंथात त्याला नाव नाही. पण त्या शेवटच्या वाक्यात त्याची जागा राखलेली आहे.