बुरैमीचा वाद आणि निष्ठेचा पुरावा

आग्नेय अरबस्तानच्या सरहद्दींचा अभ्यास करणाऱ्यास दोन बृहद् दस्तऐवज टाळून पुढे जाता येत नाही. १९५५ साली बुरैमीच्या प्रश्नावर लवादापुढे सौदी अरेबियाने तीन खंडांचे व ब्रिटनने दोन खंडांचे निवेदन सादर केले. टोळ्यांच्या वंशावळी, शेखांची पत्रे, जकातवसुलीचे पुरावे, जुने प्रवासवृत्तांत अशी विपुल सामग्री त्यांत आहे. या विपुलतेमुळेच पुढील अभ्यासक त्यांकडे साधनग्रंथ म्हणून पाहू लागले. वस्तुतः ती वकिली निवेदने आहेत. आणि दोन्ही पक्षांचा विरोध कितीही तीव्र असला, तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतकृत्य आहे. टोळीची निष्ठा सिद्ध झाली म्हणजे टोळीच्या पायाखालची भूमीही सिद्ध झाली, हे ते गृहीतकृत्य होय. प्रस्तुत लेखात त्याचीच परीक्षा करावयाची आहे.

प्रथम वादाची रूपरेषा पाहू. बुरैमी हा नऊ गावांचा मरूद्यान-समूह. त्यांपैकी सहा गावांवर अबू धाबीच्या शेखाचा, तर बुरैमी, हमासा व साअरा या तिहींवर मस्कतच्या सुलतानाचा हक्क ब्रिटन मांडीत असे. अबू धाबीचे परराष्ट्रसंबंध ब्रिटनच्या हाती होते व सुलतानाची बाजूही या प्रकरणी ब्रिटननेच चालविली. १९३५ साली फुआद हमझा यांनी सौदी राज्याच्या वतीने एक सीमारेषा सुचविली होती. १९४९ च्या ऑक्टोबरात मात्र सौदी मागणी तिच्या फार पुढे सरकून बुरैमीपर्यंत आली. मधल्या काळात खनिज तेलाचा शोध लागला होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. १९५२ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तुर्की बिन अतैशान हे सौदी अधिकारी हमासात येऊन ठाण मांडून बसले. १९५४ च्या जुलैमध्ये लवादाचा करार झाला. १९५५ च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे सुनावणी चालू असता ब्रिटिश सदस्य सर रीडर बुलार्ड यांनी राजीनामा दिला. साक्षीदारांना लाच दिल्याचा व लवादाच्या निःपक्षपातात हस्तक्षेप झाल्याचा आरोप ब्रिटनने केला. २६ ऑक्टोबर रोजी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील फौजेने व सुलतानाच्या सैन्याने बुरैमी ताब्यात घेतली. निर्णय झालाच नाही.

१९५४ च्या करारात लवादाने विचारात घ्यावयाच्या बाबी नमूद होत्या : राज्यकर्त्यांचे ऐतिहासिक हक्क, रहिवाशांच्या परंपरागत निष्ठा, टोळ्यांची रचना व जीवनपद्धती, अधिकाराचा प्रत्यक्ष वापर आणि अन्य कोणतीही सुसंगत बाब. ही मांडणी समंजस आहे. परंतु निवेदनांत टोळ्यांच्या जीवनपद्धतीचे वर्णन एका बाजूस राहते व निष्ठेचा हिशेब दुसऱ्या बाजूस. पहिल्याने दुसऱ्याचा अर्थ ठरावयास हवा, तो ठरत नाही.

याचे उत्तम उदाहरण जकातीचे. मराठीत ‘जकात’ म्हटले की नाक्यावर मालावर घेतला जाणारा कर डोळ्यांपुढे येतो. मूळ अरबी शब्दाचा आशय तो नव्हे. जकात हे धार्मिक कर्तव्य असून उंट, शेळ्यामेंढ्या, खजूर यांसारख्या दृश्य संपत्तीवरील जकात गोळा करणे हा मुस्लिम राज्यकर्त्याचा अधिकार मानला जातो. सौदी पक्षाने येथूनच युक्तिवाद उभारला : ज्यास जकात दिली त्यास राजा मानले, आणि ज्यास राजा मानले त्याची ती भूमी. ब्रिटिश पक्षाचे उत्तर असे की ही वसुली तुरळक व अल्पकालीन होती, आणि पुष्कळदा ती हल्ल्यापासून बचावासाठी दिलेली खंडणीच होती. उत्तर बलवान आहे; पण वसुली नियमित असती तर भूमी सौदी ठरली असती, हे त्यात अप्रत्यक्षपणे मान्य होऊन जाते.

आता जीवनपद्धती पाहा. लिवाच्या खजुरीबागांचे मालक असलेली बनी यास व मनासीर टोळ्यांतील कुटुंबे वर्षाचा काही काळ वाळवंटात उंटांमागे, काही काळ बागांत घालवीत. त्यांतील अनेक पुरुष उन्हाळ्यात मोती काढणाऱ्या नौकांवर जात. अशा माणसाचे संबंध एका वेळी अनेकांशी जडलेले असत. बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, व्यक्तीने व्यक्तीस दिलेली असे. शेखाने संरक्षण केले, तंट्यात न्याय दिला, संकटात आधार दिला, तर ती टिके. न दिला तर ती सैल होई. नईम टोळीच्या शेखांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या सत्तांकडे पाहिले, याचा अर्थ ते लबाड होते असा नव्हे. निष्ठेचे स्वरूपच तसे होते.

जे. बी. केली यांचा १९६४ चा पूर्व अरबस्तानच्या सरहद्दींवरील ग्रंथ या विषयावरील महत्त्वाचे लेखन होय. सौदी पुराव्यांची त्यांनी केलेली छाननी काटेकोर आहे. १८०० पासून बुरैमीत वेळोवेळी असलेला सौदी अंमल १८६९ साली इमाम अज्जान बिन कैस यांनी संपविला आणि १९५२ पर्यंत तेथे स्थायी सौदी सत्ता नव्हती, हा मुद्दा निर्णायक स्वरूपाचा आहे. परंतु हीच कसोटी सुलतानाच्या नईमांवरील हक्कास लावली, तर तो हक्कही पुष्कळच क्षीण ठरतो. अबू धाबीची बाजू मात्र वेगळी. १९४६ पासून शेख झायेद बिन सुलतान तेथे राहून कारभार पाहात होते. तेथे निष्ठेबरोबर परस्पर उत्तरदायित्वही दिसते. म्हणजे ब्रिटनने एकत्र मांडलेले दोन दावे एकाच बळाचे नव्हते. एका निवेदनात बांधल्यामुळे दुबळ्या दाव्यास सबळाचा आधार मिळाला.

येथे दप्तरांविषयीही एक सूचना आवश्यक आहे. बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अधीन होता. त्यामुळे आखाताविषयीचा मोठा पत्रव्यवहार मुंबईच्या दप्तरखान्यात आला आणि १८५६ साली त्यातील निवडक भाग मुंबई सरकारने छापला. या कागदांचा मुख्य विषय सागरी शांतता हा होता. वाळवंटातील सत्तेची चौकशी बहुधा किनाऱ्यावर तिची झळ पोहोचल्यावरच होई. कॅप्टन हॅमर्टन १८४० साली बुरैमीस पाठविले गेले तेही इजिप्शियन सैन्याच्या हालचालींची भीती उत्पन्न झाल्यावर. सबब या दप्तरातील मौन हे वाळवंटातील सत्तेच्या अभावाचे प्रमाण मानणे धोक्याचे आहे. मुंबईत काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की निष्ठेचा पुरावाच त्याज्य ठरविला, तर वाळवंटात बळाखेरीज दुसरा निकष उरत नाही. आक्षेप योग्य आहे. पण निष्ठा त्याज्य नव्हे. ती पुरेशी नाही, एवढेच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७५ साली पश्चिम सहाराविषयीच्या सल्लामतात नेमका हाच भेद केला. मोरोक्कोचा सुलतान व काही टोळ्या यांच्यात निष्ठेचे कायदेशीर संबंध असल्याचे मान्य करूनही त्यावरून प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बुरैमीच्या लवादास हा विवेक करण्याची संधी मिळाली नाही.

पुढे १९७४ च्या ऑगस्टमध्ये जेद्दा येथे संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबिया यांच्यात करार झाला. त्यातील देवघेव खोर अल-उदैदजवळील किनारपट्टीची व तेलक्षेत्राची होती. टोळ्यांच्या निष्ठेची गरज आता उरली नव्हती. सौदी पक्षास मिळालेले काही शेख अनुयायांसह १९५५ नंतर देशोधडीला लागले होते. ज्यांच्या निष्ठेवर पाच खंड लिहिले गेले, त्यांचे स्वतःचे म्हणणे त्या खंडांत उरते ते केवळ कोणत्या तरी पक्षाचा पुरावा म्हणून. या निवेदनांतील प्रत्येक शपथपत्र वाचताना ते कोणी, कोणाच्या उपस्थितीत व कोणत्या गरजेपोटी दिले, हा प्रश्न आधी विचारावा. सीमारेषेचा प्रश्न त्यानंतर.