‘कोणी?’ या प्रश्नाचे व्याकरण : गुन्हेमालिकेची संरचना आणि नागपूरची संहिता

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकेचा प्रत्येक भाग एका प्रश्नवाचक सर्वनामावर उभा असतो. ‘कोणी?’ हे ते सर्वनाम होय. त्याचे उत्तर एकवचनी असणार, हे या प्रकाराने गृहीत धरलेले असते. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या संरचनेची जी मांडणी केली, तीत गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा अशा दोन कथा कल्पिल्या होत्या. पहिली घडून गेलेली व अदृश्य असते, तर दुसरी तिला शब्दरूप देते. या दोन कथांना सांधणारा दुवा म्हणजे तपास अधिकारी. जर्मन दूरचित्रवाणीने हा दुवा दीर्घकाळ सांभाळला. १९७४ ते १९९८ या काळातील ‘डेरिक’ या मालिकेचे २८१ भाग हेर्बर्ट राइनेकर या एकाच लेखकाने लिहिले. १९७० पासून चालत आलेल्या ‘टाटोर्ट’ या मालिकेने प्रत्येक शहराला स्वतःचा तपास अधिकारी दिला आणि गुन्ह्याला भूगोल मिळवून दिला. शहर बदलते, बोली बदलते, अधिकाऱ्याचा स्वभाव बदलतो. प्रेक्षक मात्र दर खेपेस त्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरूनच पाहतो. शासनसंस्था काही काळ गोंधळेल, पण अखेर नाव उच्चारील, हा विश्वास या प्रकाराच्या मुळाशी आहे.

हा विश्वासच जेथे गुन्ह्याचा भाग झालेला असतो, तेथे या संरचनेचे काय होते? नागपूरने हा प्रश्न २००४ मध्ये उभा केला. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या दालनात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अक्कू यादव याला जमावाने ठार केले. कस्तुरबानगर या प्रामुख्याने दलित वस्तीत त्याने दीर्घकाळ दहशत माजविली होती. खून, खंडणी आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्या तक्रारी वस्तीतील लोकांनी केल्या होत्या व पोलिसांनी त्यांची दखल घेतली नाही, असा त्यांचा आरोप होता. हल्ल्यात सुमारे दोनशे स्त्रिया होत्या असे त्या वेळी सांगितले गेले. प्रारंभी पाच स्त्रियांना अटक होताच वस्तीतील इतर स्त्रियांनी ‘आम्हालाही अटक करा’ अशी भूमिका घेतली. खटला दहा वर्षे रेंगाळला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. ‘कोणी?’ या प्रश्नाला न्यायसंस्थेच्या दप्तरी आजही उत्तर नाही.

या घटनेवरील दोन दृक्‌संहिता येथे विचारार्थ घ्यावयाच्या आहेत. पहिली, २०२१ मध्ये आलेला सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित हिंदी चित्रपट ‘२०० हल्ला हो’. दुसरी, उमेश विनायक कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली ‘इंडियन प्रीडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ ही ऑक्टोबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली तीन भागांची वृत्तमालिका. ‘वळू’ आणि ‘देऊळ’ या चित्रपटांत कुलकर्णी यांनी गावाच्या सामूहिक मनाचा वेध घेतला होता. ‘देऊळ’मध्ये तर समूह आपली श्रद्धा आणि आपला स्वार्थ एकाच वेळी कसा रचतो, हेच आशयसूत्र होते. समूहाला पात्र मानणारा हा दिग्दर्शक व्यक्तीला गुन्हेगार मानणाऱ्या प्रकाराकडे वळला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

मालिकेचा पहिला अडसर तिच्या नावातच आहे. ‘इंडियन प्रीडेटर’ या मालाशीर्षकाखाली आधी आलेल्या दोन कथा एकेकट्या क्रमवार खुनी पुरुषांच्या होत्या. त्याच साच्यात नागपूरची घटना बसविली की ‘भक्षक’ हे पद अपरिहार्यपणे अक्कू यादवकडे जाते आणि कथेचे केंद्रही तोच होतो. उपशीर्षकातला ‘मर्डर’ मात्र त्याने केलेला नसून त्याचा झालेला आहे. म्हणजे मुख्य शीर्षक एका गुन्ह्याकडे बोट दाखविते आणि उपशीर्षक दुसऱ्याच. या दोहोंच्या मधली जी फट आहे, तीत तिसरा गुन्हा दडलेला आहे : तक्रार नोंदवून घेणाऱ्या यंत्रणेचे मौन. एका व्यक्तीचे चरित्र सांगण्यासाठी घडविलेल्या प्रकाराला या तिसऱ्या गुन्ह्यासाठी पात्र सापडत नाही, कारण मौनाला चेहरा नसतो.

दुसरा अडसर अधिक खोल आहे. पोलीसच आरोपाच्या छायेत असल्याने तपास अधिकाऱ्याची जागा येथे रिकामी राहते. सत्यघटनांवरील मालिकेत त्या रिकाम्या खुर्चीवर कॅमेरा येऊन बसतो. वस्तीतील स्त्रिया, वकील, पत्रकार, पोलीस असे सारे त्याच्यापुढे क्रमाने बसतात आणि साक्ष देतात. मधूनमधून नाट्यरूप दृश्ये येतात. स्त्रियांना बोलू देणे, त्यांच्या भीतीला आणि संतापाला वेळ देणे, हे या मालिकेचे निःसंशय बलस्थान आहे. तरीही संरचना आपले काम करीतच राहते. ज्या प्रश्नाला न्यायालयापुढे उत्तर मिळाले नव्हते, तोच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात पुन्हा जागविला जातो : प्रत्यक्षात कोणी? वस्तीचे सामूहिक उत्तर मग उत्तर म्हणून ऐकले जात नाही, ते एक आवरण भासू लागते. न्यायालयाने ज्याला पुराव्याचा अभाव म्हटले, त्यालाच मालिकेचा प्रकार रहस्य म्हणतो.

वस्तुतः सामूहिक उत्तराची एक परंपरा साहित्यात आहे. लोपे द वेगा याच्या १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फुएन्ते ओवेहुना’ या नाटकात स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्या सरदाराला गाव ठार करते आणि छळ सोसूनही प्रत्येक जण गुन्हेगार म्हणून गावाचेच नाव सांगतो. राजा पुराव्याअभावी गावाला क्षमा करतो. अ‍ॅगथा ख्रिस्तीच्या १९३४ मधील ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्येही मारेकरी अनेक आहेत, परंतु ते मोजता येतात, प्रत्येकाचा घाव निराळा दाखविता येतो. तेथील अनेकवचन एकवचनांची बेरीज आहे. नागपूरच्या ‘दोनशे’चे तसे नाही. ती गणना नसून अंदाज आहे, आणि अंदाज असल्यामुळेच ती संख्या एखाद्या विशेषनामासारखी वापरली जाते.

येथे मराठीचे व्याकरण साहाय्यास येते. हिंदीच्या ‘हम’मध्ये जो भेद पुसला जातो, तो मराठीने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन सर्वनामांत जपला आहे. ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते. ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. पोलिसांपुढे किंवा न्यायालयापुढे उच्चारलेले ‘आम्ही’ कबुलीजबाबाचे रूप घेते खरे, पण त्याबरोबरच ते ऐकणाऱ्याला सांगते की तू आमच्यातला नव्हतास. वस्तीच्या सामूहिक उत्तराचा हा दुसरा अर्थ हिंदी-इंग्रजीच्या वाटेने देशभर जाणाऱ्या संहितेत हरवण्याचा संभव मोठा आहे. गुन्हेमालिकेचा सारा व्यवहार ‘आपण’वर चालतो : आपण शोधू, आपण ओळखू. नागपूरच्या संहितेत प्रेक्षकाला ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.

‘२०० हल्ला हो’ने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. अमोल पालेकर यांनी साकारलेले निवृत्त दलित न्यायाधीशाचे पात्र सत्यशोधनासाठी नेमले जाते आणि रिकाम्या खुर्चीवर कायद्यातलाच माणूस, परंतु त्याच समाजातला, येऊन बसतो. जातीचा प्रश्न येथे स्पष्टपणे उच्चारला जातो, हे या चित्रपटाचे श्रेय. त्याची किंमतही आहे. ज्या कथेचे कर्तृत्व स्त्रियांच्या समूहाकडे होते, तिचे नैतिक केंद्र एका पुरुषाच्या अंतर्द्वंद्वाकडे सरकते. रिंकू राजगुरूंनी साकारलेली तरुणी समूहाला वाणी देते, परंतु त्या वाणीवर शिक्कामोर्तब अन्यत्र होते.

तथापि सामूहिक उत्तराचे केवळ गौरवीकरण करून समीक्षेला थांबता येणार नाही. मराठी रंगभूमीने समूहाचे दोन्ही चेहरे दाखविले आहेत. तेंडुलकरांच्या १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळातले न्यायालय हाच जमाव होतो आणि एका स्त्रीवर तुटून पडतो. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये जमाव जुलमी कोतवालाला संपवितो, परंतु ज्याने कोतवाल घडविला तो नाना अबाधित राहतो. जमावाच्या हातून झालेला वध सत्तेला सोयीचा ठरू शकतो, हे तेंडुलकरांनी ओळखले होते. नागपूरच्या घटनेलाही हीच कसोटी लावली पाहिजे. कोठडीतील माणूस न्यायालयात मारला जातो तेव्हा त्याच्या कृत्यांची चौकशीही त्याच्याबरोबर मरते आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांची नावे कोणत्याही निकालपत्रात येत नाहीत. लोपेच्या नाटकाच्या अखेरीस क्षमा करणारा राजा तरी असतो. येथे क्षमा नाही आणि शिक्षाही नाही. दहा वर्षांनंतर संशयाचा फायदा तेवढा आहे.

म्हणून ‘कोणी?’ हा प्रश्न त्याज्य ठरत नाही. तो अपुरा ठरतो. त्याच्या आधी ‘कोणी ऐकले नाही?’ हा प्रश्न यावा लागतो आणि तेथेही अनेकवचनच संभवते. कुलकर्णी यांच्या मालिकेने वस्तीचे आवाज प्रथमच एवढ्या विस्ताराने दूरवर नेले; प्रकाराच्या साच्याने मात्र त्या आवाजांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे ठेवले. साच्याला ही मर्यादा ओलांडावयाची असेल तर कॅमेऱ्याला तपास अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून उठून तक्रार नोंदवून घेणाऱ्याच्या टेबलाकडे वळावे लागेल आणि तेथे कोण बसले होते हे विचारावे लागेल.