दुसऱ्या नंबरची गाणी

जुलै २०२५ मध्ये ओॲसिस कार्डिफच्या मैदानात पुन्हा एकत्र उभे राहिले आणि त्या दौऱ्यावरच्या लेखांचा पूर आला. माझ्या वाचनात आले त्यांतल्या बहुतेकांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली होती : या बँडची आठ गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली. खरं आहे. पण साठ-सत्तर हजार माणसं ज्या गाण्यासाठी एका आवाजात गात होती, ते ‘वंडरवॉल’ त्या आठांत नाही. ते १९९५ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या नंबरवर आलं आणि त्याच्या वर कधीच गेलं नाही. ‘लायला’ नावाचं ओॲसिसचं गाणं मात्र त्या आठांत आहे. बँडच्या निस्सीम चाहत्यांपलीकडे ते आज कुणाला आठवतं?

नव्वदच्या पॉपबद्दल सध्या जे लिहिलं, विकलं आणि साजरं केलं जातं, ते जवळजवळ सगळं नंबर वनच्या यादीवर उभं आहे. ‘नव्वदचे सगळे नंबर वन’ अशा नावाचे संग्रह, त्याच क्रमाने लावलेल्या प्लेलिस्ट, वर्षागणिक विजेत्यांची यादी देऊन दशकाचा इतिहास सांगितल्याचं समाधान मानणारे लेख. या सगळ्याचा मला मनापासून राग येतो. ही यादी त्या दशकाबद्दल चुकीची साक्ष देते आणि आपण ती तपासून न पाहता पुढे चालवतो.

‘वंडरवॉल’ला कुणी अडवलं ते पाहा. रॉब्सन ग्रीन आणि जेरोम फ्लिन हे दोन नट. ‘सोल्जर सोल्जर’ या दूरचित्रवाणी मालिकेत ते गायले, सायमन कॉवेलने त्यांच्या मागे लागून सिंगल काढायला लावलं, आणि १९९५ मध्ये ‘अनचेन्ड मेलडी’ सात आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. त्याच मुक्कामात त्याने पल्पच्या ‘कॉमन पीपल’ला दुसऱ्या नंबरवर रोखलं. मग त्याच वर्षी, त्याच जोडीच्या दुसऱ्या सिंगलने ‘वंडरवॉल’लाही रोखलं. ब्रिटिश नव्वदची दोन सर्वांत टिकाऊ गाणी एकाच वर्षात, एकाच जोडीखाली दबलेली आहेत. फ्लिन आज ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला ब्रॉन म्हणून जगाला माहीत आहे, तो कधी पॉप गायक होता हे मुद्दाम सांगावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, रॉब्सन-जेरोमचं सिंगल खरोखरच जास्त विकलं गेलं होतं, मग तक्रार कसली? विकलं गेलंच होतं. ते त्या वर्षाचं सर्वाधिक खपाचं सिंगल होतं. म्हणून नुसता खपाचा आकडाही मला पुरेसा वाटत नाही. एक मालिका पाहणारी माणसं एका मोसमात दुकानात गेली आणि तो खप तिथेच संपला. कुठलंही गाणं किती विकलं गेलं याच्याइतकंच ते किती काळ विकलं जात राहिलं हे विचारलं पाहिजे. नंबर वनची यादी नेमका हाच प्रश्न विचारत नाही. तिला फक्त एक आठवडा दिसतो.

आणि तो एक आठवडा विकत घेता येत होता. नव्वदच्या उत्तरार्धात ब्रिटिश कंपन्यांनी त्याचं तंत्र पक्कं केलं होतं. गाणं रेडिओवर कित्येक आठवडे आधी वाजवत ठेवायचं, पण दुकानात येऊ द्यायचं नाही. सगळी भूक साचली की सोमवारी सिंगल सोडायचं, पहिल्या आठवड्यात ते ९९ पेन्सला किंवा १.९९ पाउंडाला द्यायचं आणि नंतर किंमत ३.९९ वर न्यायची. एकाच गाण्याच्या दोन सीडी काढायच्या, प्रत्येकीवर वेगळी जोडगाणी टाकायची, म्हणजे चाहता दोन्ही घेणार. गाणं थेट शिखरावर उतरायचं आणि पुढच्या आठवड्यात घसरायचं. २००० साली ब्रिटनमध्ये चाळीसहून अधिक गाणी पहिल्या नंबरवर जाऊन आली. वर्षात आठवडे बावन्न. त्या वर्षी नंबर वन असणं याचा अर्थ सरासरीने सव्वा आठवडा टिकणं एवढाच होता.

या धांदलीत जी गाणी सावकाश पसरली, त्यांच्यावर माझा जीव आहे. त्यांतलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे लीॲन राइम्सचं ‘हाऊ डू आय लिव्ह’. डायान वॉरनने हे गाणं ‘कॉन एअर’ या चित्रपटासाठी लिहिलं आणि राइम्सने ते गायलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. चित्रपटवाल्यांना तिचा आवाज या गाण्यासाठी पटला नाही. त्यांनी तेच गाणं ट्रिशा यरवुडकडून गाऊन घेतलं. दोन्ही रूपं १९९७ मध्ये एकदमच बाजारात आली. कंट्री संगीताच्या रेडिओने यरवुडला उचलून धरलं, ग्रॅमीही तिलाच मिळालं. यरवुड उत्तम गायिका आहे आणि तिचं रूप जास्त प्रौढ, जास्त आवरलेलं आहे. तरी मला राइम्सच ऐकावीशी वाटते. जिने अजून काहीच गमावलेलं नाही अशी मुलगी सगळं गमावण्याची भीती गाते, आणि वरच्या पट्टीत आवाज सोडताना ती कसलीही सावधगिरी बाळगत नाही. गाण्याची बांधणीही तशीच आहे : कडव्यातली चाल खालच्या स्वरांत चाचपडते आणि ध्रुवपदात एकदम दार उघडल्यासारखी वर जाते. दहाव्यांदा ऐकतानाही त्या जागेची वाट पाहिली जाते.

अमेरिकेत हे गाणं दुसऱ्या नंबरपर्यंत पोहोचलं. वर एल्टन जॉनचं ‘कँडल इन द विंड १९९७’ होतं. राजकुमारी डायानाच्या मृत्यूनंतरचं ते शोकगीत चौदा आठवडे हललं नाही. पण शोक ओसरला, ते सिंगल उतरलं, आणि राइम्स तिथेच होती. ‘हाऊ डू आय लिव्ह’ बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकी यादीत ६९ आठवडे राहिलं, त्यांतले ३२ पहिल्या दहांत. हा ६९ आठवड्यांचा विक्रम मोडायला २००९ साल उजाडावं लागलं. ब्रिटनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे गाणं सातव्या नंबरच्या वर गेलंच नाही, पण महिनोन्‌महिने विकलं जात राहिलं आणि १९९८ च्या वर्षअखेरच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत आलं. त्या वर्षी तिथे तीसच्या आसपास गाणी पहिल्या नंबरवर गेली होती. म्हणजे त्या विजेत्यांतली बहुसंख्य गाणी या सातव्या नंबरच्या गाण्यापेक्षा कमी विकली गेली. संग्रह मात्र त्यांचे निघतात.

याच घराण्यातलं रॉबी विल्यम्सचं ‘एंजल्स’. १९९७ च्या डिसेंबरात आलं, चौथ्या नंबरच्या वर गेलं नाही, दहा लाखांच्या वर विकलं गेलं. २००५ च्या ब्रिट पुरस्कारांत मागच्या पंचवीस वर्षांतलं सर्वोत्कृष्ट गाणं म्हणून लोकांनी त्यालाच निवडलं. विल्यम्सचं पहिल्या नंबरवर गेलेलं पहिलं गाणं ‘मिलेनियम’. त्यातला लक्षात राहणारा भाग म्हणजे एका जुन्या बाँडपटातल्या गाण्याची तंतुवाद्यं. नताली इम्ब्रूलियाचं ‘टॉर्न’ही इथलंच. हे गाणं आधी डॅनिश भाषेत, मग एडनास्वॅप या अमेरिकी बँडकडून, मग नॉर्वेत असं तीनदा गायलं जाऊन चौथ्या तोंडी सापडलं. ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या नंबरवर अडकलं, कारण वर ‘बार्बी गर्ल’ होतं. दहा लाखांहून अधिक लोकांनी ते तरीही घेतलं. द व्हर्वचं ‘बिटर स्वीट सिम्फनी’ १९९७ च्या जूनमध्ये दुसऱ्या नंबरवर उतरलं; त्याच आठवड्यात पफ डॅडीचं ‘आय विल बी मिसिंग यू’ वर बसलं होतं. दोन्ही गाणी दुसऱ्याच्या संगीताच्या तुकड्यावर उभी आहेत. एकाने तुकड्यातून नवी इमारत उभी केली, दुसऱ्याने द पोलीस या बँडच्या गाण्यावर स्वतःचं नाव लिहिलं. शिखर दुसऱ्याला मिळालं.

बाकीच्यांवर मी फार शाई घालवणार नाही. बॉय बँड हे विक्रीचं तंत्र होतं, संगीताची शैली नव्हती. युरोडान्सची चार गाणी चांगली आहेत, चाळीस नाहीत. आणि ऑगस्ट १९९५ ची ती गाजलेली ब्लर विरुद्ध ओॲसिस लढाई, २,७४,००० विरुद्ध २,१६,००० प्रतींची, तर दोन्ही बँडांच्या दुय्यम गाण्यांत झाली. वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली, म्हणून आजही ती नव्वदची मोठी घटना समजली जाते.

अमेरिकेत यादी आणखी वेगळ्या कारणाने खोटी ठरली. डिसेंबर १९९८ पर्यंत हॉट १०० मध्ये शिरायला दुकानात विकायचं सिंगल काढणं सक्तीचं होतं. कंपन्यांना स्वस्त सिंगलपेक्षा महाग अल्बम विकायचा होता, म्हणून त्यांनी गाजणाऱ्या गाण्यांची सिंगल्स काढलीच नाहीत. नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं होतं. हॉट १०० च्या नोंदीत ते नाहीच. गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ रेडिओवर अठरा आठवडे पहिलं, हॉट १०० मध्ये नववं. ‘टॉर्न’ रेडिओवर अकरा आठवडे पहिलं, हॉट १०० मध्ये बेचाळिसावं. जी यादी ‘टॉर्न’ला बेचाळिसावा नंबर देते, तिच्यावरून कुणी इतिहास कसा लिहू शकतो?

ज्यांनी सिंगल काढलं, त्यांनाही न्याय मिळाला असं नाही. अटलांटाच्या टॅग टीमचं ‘वूम्प! देअर इट इज’ १९९३ मध्ये अल बेल यांच्या बेलमार्क या छोट्या कंपनीने काढलं. हे अल बेल म्हणजे स्टॅक्स रेकॉर्ड्स चालवलेले गृहस्थ. गाणं सात आठवडे दुसऱ्या नंबरवर, सलग चोवीस आठवडे पहिल्या दहांत, आणि प्लॅटिनम चार वेळा. क्लबमध्ये जन्मलेलं हे गाणं लवकरच अमेरिकेतल्या प्रत्येक क्रीडांगणावर वाजू लागलं. पहिल्या नंबरवर कधीच नाही.

आपल्याकडे ही गाणी यादीशिवाय आली आणि त्यात आपला फायदाच झाला. भारतात सिंगल विकलं जात नव्हतं. कॅसेट विकली जायची. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये किंवा पुण्यात अलूरकरांकडे कॅसेट घेणाऱ्याला ‘टॉर्न’ ब्रिटनमध्ये दुसरं होतं की बाविसावं, याचा पत्ता नसायचा. चॅनल व्ही आणि एमटीव्हीवर गाणं दिसलं, आवडलं, कॅसेट फिरफिरून फीत ताणली गेली. मराठी श्रोत्याने नव्वदचं इंग्रजी पॉप निव्वळ कानाने निवडलं. तीच पिढी आज संपादकाच्या खुर्चीत बसून इंग्लंड-अमेरिकेतल्या याद्या मराठीत उतरवते आणि स्वतःच्या कानांची साक्ष बाजूला ठेवते, हे मला सहन होत नाही.

कारण हीच सवय आता आपल्या गाण्यांनाही लागली आहे. नवं मराठी गाणं आलं की पहिल्या दिवशीचे व्ह्यूज पोस्टरवर येतात आणि बातमीचा मथळाही तोच असतो. पहिल्या दिवसाचे व्ह्यूजही विकत घेता येतात, ९९ पेन्सच्या सिंगलसारखेच. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबला जाहीर करावं लागलं की चोवीस तासांच्या विक्रमात जाहिरातींतून आलेले व्ह्यूज धरले जाणार नाहीत. तरीही आपले संगीत-पत्रकार तोच आकडा छापत राहतात. सहा महिन्यांनी ते गाणं कोण ऐकतं आहे, लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात, रात्रीच्या एसटीत, हे पाहायला कुणी जात नाही. गाण्याची परीक्षा तिथे होते, आणि ज्याला ती पाहायला जायचं नसेल त्याने संगीतावर लिहू नये.

मराठीत नव्वदच्या पॉपवर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की नंबरापुढे आठवडे लिहा. नंबर वनवाल्यांना हा हिशेब अन्यायाचा वाटत असेल, तर त्यांनी यादी करणाऱ्यांचाच निवाडा पाहावा. २००८ मध्ये हॉट १०० ला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बिलबोर्डने सगळ्या पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी गाणी काढली. ‘हाऊ डू आय लिव्ह’ चौथं आलं. पहिल्या पाचांत कधीच पहिल्या नंबरवर न गेलेलं गाणं ते एकटंच होतं.