संग्रहालय कोणाच्या घरातून भरते?

मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांस १९२२ साली खुले झाले. आणि गोवंडीलगतच्या देवनार येथे शहराचा कचरा १९२७ पासून पडू लागला. शहर काय जपते व काय टाकते, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावाचून संग्रहालयाची खरी परीक्षा होत नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या संग्रहालयाची वाढ मोठी मनोरंजक आहे. १९१५ साली शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यात आला. सर रतन टाटा यांचा १९२१ साली व सर दोराबजी टाटा यांचा १९३३ साली देणगीरूपाने मिळाला. उत्खननांतून सिंधमधील मीरपूरखासच्या मृण्मय बौद्ध मूर्ती आल्या. अशा रीतीने लघुचित्रे व पाषाणमूर्ती यांच्या शेजारी चिनी जेड, जपानी कलाकुसर आणि युरोपीय तैलचित्रे येऊन बसली. ही विविधता योजनेने आली असे म्हणवत नाही. तिचा बराच भाग धनिकांच्या दिवाणखान्यांतून आला. दात्यांचे उपकार आम्ही मुळीच नाकारीत नाही. त्यांच्यावाचून सामान्य मुंबईकरास जेड म्हणजे काय, हे पाहावयास कोठे मिळते? परंतु दाता आपल्या आवडीचे तेवढे देतो, आणि संग्रहालयास ते आपली आवड म्हणून मिरवावे लागते.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी वाट निराळी धरली. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा, चष्म्याच्या दुकानावर चरितार्थ चालविणारा हा गृहस्थ लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले व मोडीत निघू पाहणारे अडकित्ते, समया, वज्री, दौती, करंडे, कोरीव दरवाजे गोळा करीत हिंडला. बालपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नावाचा तो संग्रह वीस हजार वस्तूंच्या घरात गेला आणि पुढे महाराष्ट्र शासनास अर्पण झाला. त्याची मांडणी दाटीची आहे, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. वाड्यातील पितळेला तेथे जो मान आहे, तो झोपडीतील मातीला नाही, हेही खरे. तरी वस्तू दारी येण्याची वाट न पाहता तिच्या दारी जावे, हा धडा केळकरांनीच घालून दिला.

आता गोवंडीकडे वळू. तेथील शिवाजीनगरात जरीकामाचे कारखाने आहेत. अड्ड्यावर ताणलेल्या कापडाभोवती कारागीर बसतात, आणि त्यांच्या आरीखाली फुलवेल उमटत जाते. तो शालू दुकानाच्या नावाने खपतो. देणगीची प्रथा अशीच चालली, तर पन्नास वर्षांनी एखाद्या श्रीमंत घरातून तो संग्रहालयात येईल. पाटीवर वधूच्या घराण्याचे नाव असेल, आणि कारागिराच्या नावाच्या जागी 'अज्ञात' असे लिहावे लागेल. आज कोणी जाऊन एक तुकडा विकत घेतला, त्याबरोबर करणाऱ्याचे नाव, गाव व मजुरीचा दर टिपून ठेवला, तर खर्च फार नाही. संग्रहालयाजवळच्या शिवाजी टर्मिनसावरून हार्बर मार्गाच्या गाडीने गोवंडी गाठण्यास तासभरही लागत नाही.