केसरबाई केरकर : ध्वनिमुद्रिकेचा पुरावा आणि त्याची मर्यादा

कवीविषयी लिहिताना कविता हाती असते, चित्रकाराविषयी लिहिताना चित्र समोर असते. गायकाचे गाणे मात्र गाता गाताच संपते. ध्वनिमुद्रिका निघाल्यापासून ही अडचण दूर झाली, असे सामान्यतः मानले जाते. सुरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्याविषयी लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने तरी ही समजूत तपासून घेतली पाहिजे. कारण मागे उरलेला पुरावा अल्प असावा, ही स्वतः गायिकेचीच इच्छा होती.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडे तालुक्यात केरी या गावी झाला. बालपणी कोल्हापुरास अब्दुल करीमखाँ यांच्याकडे काही महिने, नंतर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे, आणि मुंबईस आल्यावर सतारिये बरकतुल्लाखाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांना तालीम मिळाली. ही सारी तालीम खंडित स्वरूपाची होती. १९२१ मध्ये अल्लादियाखाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते. पुढे सुमारे अकरा वर्षे कसून मेहनत झाली, आणि १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत शिक्षण चालूच राहिले. १९४८ मध्ये कलकत्त्यास ‘सुरश्री’ ही पदवी, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले.

एवढ्या कीर्तीच्या गायिकेने ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या; पुढील काळात नभोवाणीपासूनही त्या दूर राहिल्या. याचे कारण त्यांचा मानी व करारी स्वभाव, असे बहुधा सांगितले जाते. स्वभाव तसा होता हे खरेच. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे कलेच्या प्रश्नाचे उत्तर आख्यायिकेतून देणे होय. आमच्या मते या नकाराची दोन कारणे स्वभावाहून खोल आहेत.

पहिले कारण गायकीच्या घडणीतच सापडते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत आवर्तन हा विस्ताराचा घटक होय. स्वर आणि लय यांची गुंफण पहिल्या मात्रेपासून सुरू होते, आलापाचा धागा न तुटता समेपर्यंत जातो, आणि प्रत्येक आवर्तन मागील आवर्तनाच्या आधारावर उभे राहते. मिनिटाला चाळीस मात्रांची लय धरली, तर त्रितालाचे एक आवर्तन चोवीस सेकंदांचे होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. म्हणजे अवघी सात-आठ आवर्तने. नट-कामोद किंवा ललिता-गौरी यांसारख्या जोडरागाची दोन अंगे एकमेकांत मिसळू लागतात न लागतात तोच तबकडी संपते. अर्थात तबकडीवर मिळतो तो या गायकीचा सारांश नव्हे, तिचा आरंभ होय. स्वतः अल्लादियाखाँ यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही, ही गोष्टही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे कारण सामाजिक आहे. गोमंतकातील कलावंत समाजात जन्मलेल्या स्त्रीने कोठे, कोणापुढे आणि किती वेळ गावे, हे पिढ्यान्‌पिढ्या देवस्थाने व धनिक घराणी ठरवीत आली. केसरबाईंनी हा अधिकार आपल्या हाती घेतला. बिदागी, बैठक, वेळ आणि श्रोता यांविषयीच्या त्यांच्या अटी या दृष्टीने पाहिल्या, म्हणजे त्या केवळ अहंकाराच्या खुणा वाटत नाहीत. तबकडी एकदा बाजारात गेली की ती कोण, केव्हा, कशी लावील यावर गाणारीची सत्ता राहत नाही. जी सत्ता मोठ्या कष्टाने मिळविली, ती सहज सोडून देण्यास त्या तयार नव्हत्या.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो मराठवाड्यातील वाचकाने घ्यावा असाच आहे. मुंबई-कलकत्त्याच्या बैठकींपासून दूर असलेल्या परभणीसारख्या ठिकाणच्या रसिकाला तबकडी हेच एक दार होते. याच जिल्ह्यातील गंगाखेड ही जनाबाईंची भूमी. तेथील भजन-कीर्तनात येईल तो श्रोता असतो. त्याला कोणी निवडीत नाही. या परंपरेत वाढलेल्या मनाला निवडक श्रोत्यांचे गाणे संकुचित वाटले तर नवल नाही. आक्षेपात तथ्य आहे. केसरबाईंनी आपली कला जपली, परंतु तिची किंमत अनुपस्थित श्रोत्याने आणि शिष्यपरंपरेनेही मोजली. धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज त्यांची विद्या पुढे नेणारे नाव सहसा घेतले जात नाही.

१९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील तबकडीत, संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांच्या शिफारशीवरून, केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी घेण्यात आली. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले; १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. या योगायोगाचे कौतुक पुष्कळ होते. समीक्षकाने मात्र एवढे ध्यानी घ्यावे, की विश्वापुढे गेली ती मैफलीच्या अखेरीस गावयाची भैरवी, तीही साडेतीन मिनिटांची. तिच्या आधी यावयाचा ख्याल मागेच राहिला.

तेव्हा या ध्वनिमुद्रिका टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. तिन्ही सप्तकांत सारखाच भरीव राहणारा आकार, दमसास आणि समेवर येण्याची अचूकता यांचा त्या निर्विवाद पुरावा आहेत. मात्र रागविस्ताराविषयी त्यांच्यावरून निर्णय देऊ नये. विद्यार्थ्याने तबकडी ऐकावी, आवर्तने मोजावीत, आणि जेथे ती थांबते तेथे आपला निष्कर्षही थांबवावा.